बंदुकीतलं कुंभारणीचं घर

बार झाला की सुंदरबाईच्या हातातली भाकर फाटायची. पहिले आठ-दहा दिवस तर तिनं इतक्या भाकरी फाडल्या की रिसॉर्टच्या गोठ्यातल्या गाईसुद्धा ज्वारीला विटल्या. पुढं कान सरावले. बार झाला तर हात घडीभर परातीवर थांबायचा आणि पुन्हा आपली थाप धरायचा. पण वैशाखातल्या त्या रविवारी ती एकेक बार कान देऊन ऐकत होती. हा दादांच्या बंदुकीचा. हाही दादांच्याच. जिचा बार तिला ऐकायचा नव्हता ती बंदूक गेटवर होती, तिच्या नवऱ्याच्या खांद्याला.

धारूरच्या घाटात, डोंगराच्या पार डोक्यावर, अमरसिंहदादांनी तीन सालांमागं हे रिसॉर्ट काढलं. खाली परळी, माजलगाव भाजून निघत असतं तेव्हा इथं दिवस कलताना वारं सुटतं, त्या वाऱ्यावरच सगळा कारभार. पोहायचा हौद, लिंबाखाली बाजा, चुलीवरची भाकर. आणि ह्या उन्हाळ्यापासून दादांनी नवीन खूळ आणलं होतं. दरीच्या कडेला एक यंत्र बसवलं. कामाची माणसं त्याला गोफण म्हणायची. चहाच्या बशीएवढी, केशरी रंगाची मातीची तबकडी ते यंत्र दरीकडं भिरकावायचं आणि पाहुण्यानं बंदूक खांद्याला लावून ती उडती तबकडी फोडायची. शिकवायला रुद्रेश नावाचा तरणा गडी होता. त्याची शिस्त कडक. लाल झेंडी वर असली की दोरीच्या आत कुणी पाय टाकायचा नाही, आणि जो तो कानांवर जाडजूड टोपणं लावणार.

"माझ्या मातीच्या परळाला जरा तडा गेला तर मी दोन दिस हळहळते," सुंदरबाई म्हणायची, "आन ही मानसं धडधाकट थाळ्या फोडाया पुण्याहून येतेत."

सुंदरबाई मूळची नेकनूरची. पाच भावंडांत थोरली, सतराव्या वर्षी लग्न होऊन धारूरच्या किल्ल्याखालच्या वस्तीत आली. नवरा आश्रुबा. त्यानं सव्वीस वर्षं परळीच्या एका बँकेच्या दारात दोननळी बंदूक घेऊन उभं राहण्यात घालवली. शनिवारच्या एसटीनं यायचा, सोमवारी पहाटं जायचा. मधले दिवस शेत, म्हैस, सासू आणि पोरगा रविराज, सगळं हिच्या अंगावर. बाई तोंडानं फटकळ, पण एका गोष्टीला सगळी वस्ती तिला मानायची. ती खोटं बोलत नसे. तिला ते जमतच नव्हतं म्हणा. रविराजला मुलगी बघायला गेले तेव्हा पोरीच्या बापानं सहज विचारलं, पोरगा कसा हाय? आश्रुबा तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "तापट हाय. आन बारावीला एकदा गचकलाय. हाताला मातर काम हाय." आश्रुबानं खाली पायानं पाय दाबला, तर ही उलटी म्हणाली, "आवो, पाय कावून दाबता? उद्या तिला कळलंच की." पोरीच्या बापानं त्याच बैठकीत साखर वाटली. अशी सायली ह्या घरात आली.

तेव्हापासून आश्रुबा जिथं तिथं सांगायचा, "कागदाला शिक्का लागतो. आमच्या मंडळीच्या बोलण्याला लागत न्हाई."

बँकेतून निवृत्त झाल्यावर दादांनी त्याला गेटवर ठेवला. बंदूक त्याची स्वतःची, परवान्याची. सुंदरबाईला चुलीवर ठेवलं. राहायला स्वयंपाकघरामागं पत्र्याची खोली. दोघं सव्वीस-सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच रोज एका छताखाली झोपू लागली. आणि पहिल्यांदाच एकमेकांच्या घोरण्यावरून भांडू लागली.

चैत्र सरताना आश्रुबाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनी बजावलं, दोन आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला ताण द्यायचा नाही. दादा बघायला आले. बाजेवर बसले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "आश्रुबा, डोळा सुधरला तर तुम्हीच हाव गेटवर. न्हाईतर अंबाजोगाईची एजन्सी पोरं द्यायला बसलीच हाय." बोलणं गोड होतं. पण दादा गेल्यावर आश्रुबा काळा चष्मा लावून भिंतीकडं तोंड करून पडला तो रात्रीच्या जेवणालाच उठला.

बंदूक खुंट्यांवर आडवी टांगलेली होती. चौथ्या दिवशी दुपारी सुंदरबाई खोली झाडत होती तर कानाशी बारीक गुणगुण आली. निळसर काळी, दोऱ्याएवढ्या कमरेची कुंभारीण माशी पायांत चिखलाची गोळी धरून बंदुकीभोवती फिरत होती. फिरता फिरता भिंतीकडच्या नळीत शिरली. बराच वेळ आतच. मग बाहेर आली, गेली, पुन्हा चिखल घेऊन आली. सुंदरबाई झाडणी हातात धरून तशीच उभी.

तिच्या माहेरी धारणा अशी, की कुंभारीण घर बांधायला आली म्हणजे त्या घरात पाळणा हलणार. ते घर मोडायचं नाही. पिल्लं उडून गेली की मग रिकामं घर काढलं तरी चालतं. आणि तिकडं परळीला सायलीला तिसरा महिना लागला होता.

ही तिसरी खेप. पहिली दुसऱ्याच महिन्यात गेली. दुसरी दिवाळीत. त्या दिवाळीला सुंदरबाई सुनेकडं गेली होती. साफसफाई करताना खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मातीचं घरटं दिसलं. काय, कुणाचं, न बघता तिनं झाडूच्या एका फटक्यात खाली पाडलं. खाली पडल्यावर कळलं. त्याच आठवड्यात सायलीला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सांगितलं, रक्ताचं, गाठीचं. रविराजनं मान हलवली. सुंदरबाईनंही हलवली. पण आपल्या हातातला झाडू तिनं कुणालाच सांगितला नाही.

म्हणून ह्या वेळी तिनं माशीला हात लावला नाही. चार दिवसांनी येणं-जाणं थांबलं तेव्हा तिनं झाडणीचा एक हीर त्या नळीत सारून बघितला. वीतभर आत गेला आणि अडला.

दुसरा आठवडा सरला तसा आश्रुबा ड्यूटीवर जायला निघाला. दर आठवड्याला तो स्वतः नळ्यांतून साफसफाईचा गज फिरवायचा, तेल लावायचा, उजेडाकडं धरून आत बघायचा. "डोळ्याला ताण नको म्हणलाय डागदर," तो म्हणाला, "तूच गज फिरीव आज." सुंदरबाई बंदूक आणि गज घेऊन ओट्यावर बसली. बाहेरच्या नळीतून गज फिरवला. भिंतीकडच्या नळीचं तोंड नुसतं तेलाच्या चिंधीनं पुसलं.

"फिरवला का दोनीतून?"

"फिरवला."

एवढंच. तिलाच नवल वाटलं, इतकं सोपं असतं तर.

बंद नळीनं काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बँकेच्या लोकांचा सालाना सराव असायचा, तिथली गोष्ट आश्रुबानं तिला दहादा सांगितली होती. एका गड्यानं बंदूक जमिनीला टेकवली, नळीत चिखल गेला, त्यानं तसाच बार काढला. नळी केळ्याच्या सालीगत उलगडली. त्याची तीन बोटं माळावर शोधावी लागली. पण बाईनं आपल्या मनाची समजूत घातली. सव्वीस वर्षं बँकेच्या दारात एकदा बार काढायची वेळ आली नाही, इथं गेटवर कोण येतंय? बंदूक नुसती खांद्यावर मिरवायची. आठ-दहा दिवसांत पिल्लं उडतील, मग आपणच दोनदा गज फिरवू.

त्यातले दोन दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी रविवार आला.

पाच वाजत आले होते. धुळाजी, पाहुण्यांना वाढणारा गडी, रिकामी टोपली घेऊन आत आला. तोंडभर हसत होता.

"मामी, मामांना पलीकडं बोलावलंय."

"कुठं पलीकडं?"

"तबकड्यावर. परळीचे बद्रीनाथशेठ आलेत ना, धा तबकड्या सोडल्या, एक फुटंल तर शप्पत. लोकं हसाय लागली. शेठ तापले. म्हणतेत, मला कावून हसता बे, तुमच्या गेटवरल्या म्हाताऱ्याला तरी जमतंय का? त्याच्या खांद्यावर बंदूक हाय का वरातीतली काठी? मग दादाच म्हणले, बोलवा आश्रुबाला. डोळा बी कळंल अन् शेठ बी गप बसंल."

सुंदरबाईच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"कोणच्या बंदुकीनं?"

"कोणच्या म्हंजी? सोताच्या. रुद्रेशसायेब आपली देत व्हते. मामा म्हणले, परक्याच्या बंदुकीनं म्या बार काढत न्हाई."

ती उठली. तव्यावर भाकर होती, ती तशीच राहिली. धुळाजी मागून काहीतरी म्हणाला, पण ती दाराबाहेर पडली होती.

स्वयंपाकघरापासून तबकड्यांच्या माळापर्यंत सीताफळीच्या रानातून पायवाट होती. उन्हाळ्यात सीताफळीला पान नसतं, नुसत्या काड्या. काड्यांतून लांबवर माणसं दिसत होती. ती पळत नव्हती, पळता येत नव्हतं, गुडघे धरले होते. पण पाय उचलत होती आणि डोक्यात एकच घोळ चालला होता. काय सांगायचं? सायलीचा फोन आलाय, असं सांगावं. लगेच बंदूक ठेवून येतील. मग मनातच म्हणाली, सायलीच्या नावानं? ह्या वेळेला? जीभ झडंल माझी. मग चक्कर आली म्हणून पडावं का? पडलं आणि ते म्हणले, दोन बार काढून येतो, तर? तिला खऱ्याशिवाय दुसरं काही सुचेना, आणि खरं सांगायचं म्हणजे ते घर मोडणार. आश्रुबा तिथल्या तिथं गज मागवणार. त्या माणसाला बंदुकीपुढं माशी दिसणार नव्हती.

वळण संपलं तशी दोरी आली. माळावर पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर. लाल झेंडी वर. आश्रुबा पांढऱ्या रेघेवर उभा, तोंड दरीकडं, एक बाजू इकडं, बंदूक दुमडून हातावर घेतलेली. काळा चष्मा काढून खिशात ठेवला होता. बद्रीनाथशेठ, पोट सुटलेला, मानेला ओला टॉवेल, खुर्चीतून म्हणत होता, "आजोबा, नेम धरायच्या आधी तबकडी दिसली का न्हाई ते तरी सांगा."

"शेठ, तुमची धा दिसली मला," आश्रुबा म्हणाला. "समदी सलामत गेली."

लोक हसले. दादाही हसले.

रुद्रेश पुढं झाला. "काका, एकदा नळ्या बघू द्या. मी प्रत्येकाच्या बघतो."

"माज्या बंदुकीच्या?" आश्रुबानं मान वळवली. त्याचा आवाज दोरीपर्यंत नीट येत होता. "आरं, तुझ्या जल्माच्या आधीपून ही बंदूक हातात हाय. आन परवाच आमच्या मंडळीनं गज फिरवलाय."

"तरी पण काका…"

"तरी काय? ती म्हणली फिरवला म्हंजी फिरवला. त्या बाईनं पोराच्या सोयरिकीत खोटं बोललं न्हाई, ती गजाला बोलंल व्हय?"

"राहू दे रे रुद्रेश," दादा म्हणाले. "ऊन उतरायलंय. होऊन जाऊ दे."

सुंदरबाई दोरीशी उभी होती. तोंड उघडलं की ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. कुणाच्या कानावर अजून टोपणं नव्हती. ओरडायला ती एक घडी पुरेशी होती. आणि त्याच घडीला तिची जीभ टाळ्याला चिकटली. तो आत्ताच सगळ्यांपुढं जे बोलला होता ते तिच्या अंगावर आलं आणि आवाज आतच राहिला. एवढा उशीर झाला, एका श्वासाचा.

रुद्रेशनं हात वर केला. सगळ्यांनी टोपणं चढवली. आश्रुबानंही चढवली. दोन काडतुसं दोन नळ्यांत सारली, बंदूक सरळ केली. खट् झालं.

"आवो," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आवो!"

कुणीही वळलं नाही. तिनं दोरी धरली. तिला आठवेना, भिंतीकडची नळी म्हणजे उजवी का डावी. खुंटीवर बंदूक कुठं तोंड करून होती, दाराकडं का देवाकडं? तिनं हवेत हात धरून बघितला, उलटा केला. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा, हे तिला ठाऊक होतं. आधी पुढचाच दाबतात हेही.

"सोड," आश्रुबा म्हणाला.

गोफण खडखडली. केशरी ठिपका दरीवर उडाला. बार झाला.

तिनं डोळे मिटलेच नाहीत. ती तबकडीकडं नाही, त्याच्या हातांकडं बघत होती. हात होते. दोन्ही. धूर निघाला आणि वाऱ्यानं गेला. लांब हवेत केशरी भुगा पसरत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादा खुर्चीतून अर्धे उठले. शेठनं टॉवेल डोक्यावर टाकला. आश्रुबाची पाठ नुसती ताठ झाली, एवढंच. त्यानं बंदूक खाली घेतली नाही. एका बोटानं दुसरी सोडायची खूण केली.

म्हणजे आता उरली ती बंद नळी.

सुंदरबाई दोरीखालून आत गेली. आश्रुबाकडं मागून जायला पन्नास पावलं, तोवर तबकडी उडाली असती. समोरचा माळ दोरीला लागूनच होता, म्हणून ती सरळ तिथं उतरली, बंदुकीच्या तोंडापुढं, जिथं तबकड्यांचे तुकडे पडलेले असतात. पिठाचे हात वर केलेले. पायाखाली ठिकऱ्या मोडत होत्या. रुद्रेश बेंबीच्या देठापासून ओरडला, तिला ते दिसलं, शब्द कळले नाहीत. यंत्रावरच्या गड्यानं हात काढून घेतला. आश्रुबाची बंदूक अजून खांद्याला होती आणि नळीच्या दोन काळ्या भोकांमागं त्याचा चेहरा होता. नवा डोळा उघडा, दुसरा मिटलेला. तिला वाटलं, ह्या माणसाला मी इतक्या वर्षांत ह्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं.

मग मिटलेला डोळा उघडला. बंदूक हळूहळू खाली गेली.

त्यानं टोपणं काढून फेकली. आवाज चढला नव्हता, पण हनुवटी हलत होती. "डोकं फिरलं का तुझं? मेली असतीस आत्ता."

"म्या गज फिरवला न्हाई."

"काय?"

"एकीतूनच फिरवला. दुसरी बंद हाय. तुमाला खोटं सांगितलं."

आश्रुबानं बंदूक दुमडली, दोन्ही नळ्या मोकळ्या केल्या. एक रिकामं नळकांडं, एक भरलेलं काडतूस. भरलेलं त्यानं खिशात घातलं, तेव्हा ते खिशाच्या तोंडाला दोनदा अडलं. रुद्रेशनं बंदूक त्याच्या हातून घेतली आणि आभाळाकडं धरली. उजव्या नळीतून गोल उजेड दिसत होता. डावीत काळंभोर.

रुद्रेशनं बंदूक खाली घेतली. "दादा," तो म्हणाला, "मी बघायला पाहिजे होतं. माझं काम होतं."

बद्रीनाथशेठनं टॉवेल मानेवरून काढून हातात घेतला. "मावशे," तो म्हणाला, "माज्या एका शब्दापायी व्हत्याचं न्हवतं झालं असतं." आणि मग त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

"काय अडलंय आत?" दादांनी विचारलं.

"कुंभारीण," सुंदरबाई म्हणाली.

आश्रुबा तिच्याकडं बघत होता. लोकांसमोर त्याचं नाक कापलं गेलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोड्यात पडल्यासारखा होता. तो जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "कावून केलंस हे?"

तिनं सांगितलं. खुंटीवरची माशी सांगितली. मग दिवाळीतला झाडू सांगितला, जो आजवर सांगितला नव्हता. सांगताना ती त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडं बघत होती.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तुमी मोडलं असतं."

"मोडलं असतं," आश्रुबा म्हणाला. "खरंय."

दादा जवळ आले. ते काही वाईट माणूस नव्हते. "आश्रुबा, डोळा कळला मला. गेट तुमचंच हाय. पण बंदूक अशी ठिवून भागत न्हाई. गज आना, साफ करा."

"दादा," आश्रुबा म्हणाला, "धा दिस काठी घेऊन उभा राहतो. बंदूक खुंटीला राहू द्या."

"काठीवाला तर मला कुठं बी मिळंल. पाहुने बंदूक बघून गाड्या लावतेत."

"धा दिस दादा. हात जोडतो."

आश्रुबानं कुणापुढं हात जोडलेले सुंदरबाईनं कधी पाहिले नव्हते. बँकेच्या साहेबापुढंही नाही. आत्ता तो खरंच जोडत होता, पिल्लं उडेपर्यंतच्या दहा दिवसांसाठी, ज्या गोष्टीवर त्याचा कवडीचा विश्वास नव्हता तिच्यासाठी. दादा पागोट्याखालून कपाळ खाजवत विचार करत होते, बहुतेक हो म्हणणार होते.

"गज द्या हिकडं," सुंदरबाई म्हणाली.

"थांब तू," आश्रुबा म्हणाला.

"द्या म्हणते ना. ह्या घरापायी मी आत्ता एक मानूस घालवलं असतं. आता तुमचं काम बी घालवू व्हय?"

रुद्रेशनं आपल्या पेटीतला गज काढून दिला. तिनं मांडी घालून माळावर बसून नळी मांडीवर घेतली. आश्रुबानं दस्ता धरला. पहिल्यांदा गज अडला. तिनं तळहात दाबला. आतून कोरड्या मातीचा कडकड आवाज आला, आणि दुसऱ्या टोकानं तिच्या पदरात पडलं ते. पिवळसर मातीचे तुकडे, पिल्लांच्या खाद्याला भरून ठेवलेले, मेल्यासारखे गळपटलेले बारके कोळी, आणि त्यांत तांदळाच्या दाण्याहून मोठी, पांढरी, हलणारी एक अळी. मग आणखी एक. तिनं गज पुन्हा घातला. शेवटपर्यंत फिरवला. बंदूक आभाळाकडं धरून स्वतः आत बघितलं. दोन्हीकडं उजेड होता.

पदर तसाच धरून ती सीताफळीच्या बुडाशी गेली, सावलीत ते सगळं ठेवलं. मुंग्या लागायच्या आत वरून माती ओढली. त्याचा उपयोग नाही हे तिला कळत होतं.

दिवस मावळायच्या बेताला आश्रुबा स्वयंपाकघरात आला. ह्या वेळी तो कधी गेट सोडत नसे. धुळाजीला बाहेर पाठवलं, चुलीपुढं उकिडवा बसला आणि फोन पुढं केला.

"सायलीला लाव."

"आन काय सांगू?"

"झालं ते सांग. तिचं हाय ते. आपल्या दोघांतच कावून ठिवायचं?"

तिला वाटलं, नको. पोटुशीला असलं सांगतेत का? पण माळावरून आल्यापासून न सांगण्याची तिला धास्ती बसली होती. तिनं फोन लावला. सायलीनं उचलला, मागं कुकरच्या शिट्ट्या होत्या. सुंदरबाईनं सांगायला सुरुवात केली ती कुठंही न थांबता. माशी, गज, बार, माळ. आणि दिवाळीतला झाडू. तोही सांगितला.

"आत्याबाई," सायली म्हणाली, आवाज चढलेला, "तुम्ही बंदुकीपुढं गेलात? वेड लागलंय का तुम्हाला? मामांचा हात गेला असता. काहीही झालं असतं. आणि त्या वेळचं तुम्ही अजून मनात धरून बसलाय? डॉक्टरांनी सांगितलं होतं ना काय झालं ते. मी दहावेळा सांगितलं तुम्हाला. रोज इंजेक्शन चालू आहे मला ह्या वेळी. माशी काय करणार त्यात?"

"व्हय बाई."

"व्हय काय? असलं काही डोक्यात घेत जाऊ नका."

"न्हाई घेत."

कुकरची शिट्टी झाली. मग बराच वेळ काही आवाज नाही. सुंदरबाईला वाटलं फोन लागेनासा झाला. आश्रुबानं भुवया उंचावून विचारलं. तिनं मान हलवली, हाय म्हणून.

"आत्याबाई," सायलीचा आवाज आता बारीक होता, दाराआडून बोलल्यासारखा. "सगळंच मोडलं का? का थोडं राहिलं एखादं?"

चुलीतलं लाकूड सरकलं. आश्रुबा सुंदरबाईच्या तोंडाकडं बघत होता, तिनं काय म्हणावं असं त्याला वाटत होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. राहिलं म्हण. एवढं एक म्हण.

"न्हाई बाई," सुंदरबाई म्हणाली. "काईच राहिलं न्हाई. समदं माझ्या हातानं काढलं."

पलीकडं श्वास ऐकू येत होता. आत जाणारा, थांबलेला, बाहेर येणारा.

"बरं केलंत," सायली म्हणाली. मग थोड्या वेळानं, "उद्या सकाळी सोनोग्राफी आहे. तुम्ही आणि मामा येता का? पहिल्या गाडीनं निघा."

"येतो," सुंदरबाई म्हणाली, आणि आश्रुबाकडं न बघता परातीत पीठ ओतायला लागली. रात्रीच्या पंगतीच्या भाकरी अजून व्हायच्या होत्या.